कमरेइतकं पाणी

गोदावरी हे नाव पोथीतलं. सायखेड्याची माणसं तिला गंगाच म्हणत. पावसाळ्यात गंगा फुगली की सायखेडं एका काठाला आणि चांदोरी दुसऱ्या काठाला अडकून पडे. काळू कोळी आपली नाव वर ओढून उपडी घाली, आणि मग दोन्ही गावांना एकच माणूस आठवे, तो म्हणजे पुंजा.

पुंजा दिसायला काही पैलवान गडी नव्हता. उंच, सडपातळ, हात मात्र गुडघ्याला टेकतील असे. घरची थोडी शेती, विहीर, एक बैलजोडी. पण पाण्यात उतरला की तो वेगळाच माणूस होई. एकदा चांदोरीच्या एका बाळंतिणीसाठी त्यानं भर पुरातून औषधाची पुडी डोक्याच्या फेट्यात बांधून नेली होती. एकदा वाहून चाललेल्या गाडीचे दोन्ही बैल त्यानं जुवाचे दोर कापून काठाला लावले होते. त्याबद्दल कुणी काही देऊ केलं तर तो घेत नसे. पूर ओसरल्यावर गावातल्या सवाष्णी गंगेची ओटी भरत, तेव्हा पाण्यात नारळ सोडायचा मान पुंजाचा, एवढंच. तेवढं त्याला पुरत होतं. खरं सांगायचं तर त्याला दुसरं काही नकोच होतं.

एकोणीसशे तेहतीस साल उजाडलं तेव्हा त्याची पस्तिशी उलटली होती. त्या पौषात तापाची साथ आली. देवळाली कॅम्पातल्या गोऱ्या सोल्जरांपासून ती सुरू झाली असं लोक म्हणत. तिथून नाशकात, नाशकातून बाजाराच्या दिवशी सायखेड्यात. म्हातारी माणसं घाबरली. पंधरा वर्षांपूर्वीच्या मानमोडी तापाच्या साथीत घरंच्या घरं ओस पडलेली त्यांनी पाहिली होती. पण ही साथ तशी निघाली नाही. माणसं तापली, खोकली, आठ-दहा दिवस अंथरुणात पडली आणि उठली. दगावली ती दोन-तीनच, तीही आधीच थकलेली.

पुंजा पंधरवडाभर पडून होता. ताप डोक्यात गेला तेव्हा तो झोपेतच हात मारू लागला, आणि त्याची बायको चंद्रभागा रात्रभर ते हात धरून बसली. मग एका सकाळी घाम फुटला, अंग निवलं. चंद्रभागेनं त्याला कढत पाण्यानं न्हाऊ घातलं आणि हुलग्यांचं माडगं पाजलं. महिन्याभरात गालफडं भरली, तोंडावर तुकतुकी आली. भेटेल तो म्हणे, "चला, पुंजा सुटला."

सुटला असंच पुंजालाही वाटलं. पण मोटेवर गेला तेव्हा काहीतरी बिनसलं असल्याचं त्याच्या ध्यानात आलं. बैल धावेच्या उतारावरून खाली नेऊन परत मागं आणायचे, त्याचं गाणंसुद्धा मोटेबरोबर चालायचं. आता दोन-चार मोटा झाल्या की गाणं तुटे. छातीत धापा लागत आणि काळीज आपल्याच चालीनं पळू लागे, मध्येच अडखळे, पुन्हा पळे. अशक्तपणा आहे, जाईल, असं तो म्हणाला. ज्यांना त्याच्याबरोबर ताप आला होता ते शिमग्याला होळीभोवती नाचले. पुंजा पारावर बसून राहिला आणि पाय मुरगळल्याचं त्यानं सांगितलं.

घाटाच्या पायऱ्या चढताना तो मध्येच थांबे आणि गंगेकडे पाही. बघणाऱ्याला वाटे, पाण्याचा अंदाज घेतोय. चंद्रभागेला तसं वाटत नव्हतं. रात्री सपाट निजलं की हा उठून बसतो आणि भिंतीला टेकून झोपतो, हे तिनं पाहिलं होतं. संध्याकाळी वहाण काढली की पायावर पट्ट्याचा वळ खोल उमटलेला असे. एके दिवशी तिनं त्या सुजेवर बोट दाबलं. बोट उचललं तरी खळगा तसाच राहिला.

"हे काय वो?"

"काय न्हाय. उभ्यानं काम हाय, सुजनारच."

"उभ्यानं काम मीबी करती. माझे पाय बघा."

त्यानं पाय धोतराखाली ओढून घेतले. पाडवा व्हायच्या आधी, कांद्याचा भाव बघायला जातो असं गावात सांगून दोघं सर्व्हिस मोटारीनं नाशकाला गेली.

मेनरोडजवळ एका डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर वयस्कर, बोलायला मोजके. त्यांनी पुंजाला सदरा काढायला लावला, छातीला आणि पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, बोटांनी टकटक करून पाहिलं. मग त्याला दवाखान्याचा जिना एकदा चढून उतरून यायला सांगितलं आणि पुन्हा नळी लावली.

"ताप कधी आला होता?"

"पौषात जी. पर तो गेला की."

"ताप गेला. जाताना मोडतोड करून गेला." डॉक्टरांनी नळी गळ्यात अडकवली. "फुप्फुसाचा खालचा भाग आखडलाय. आणि काळजाचा स्नायू सैल पडलाय. एखादा जुना पट्टा ताणून सैल व्हावा तसा. बाहेरून तू धडधाकट दिसतोस, म्हणून कुणाला कळणार नाही."

"आवशिद?"

"थेंब देतो. पायाची सूज उतरेल, झोप लागेल. पण पहिल्यासारखं होशील असं मी सांगणार नाही. जड उचलायचं नाही, मोट मारायची नाही. काय करतोस आणखी?"

पुंजा सदऱ्याच्या गुंड्या लावू लागला. चंद्रभागा म्हणाली, "पवत्यात जी. पुरात माणसं काढत्यात."

डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "ते संपलं," ते म्हणाले. "थंड पाण्यात, ओढीच्या विरुद्ध, तुझं काळीज मध्यावर बंद पडेल. काढायला गेलेला आणि काढायचा, दोघंही जातील. समजलं?"

"समाजलं जी," पुंजा म्हणाला.

परतीच्या मोटारीत दोघं मागच्या बाकावर बसली होती. ओझर मागं पडलं. मग पुंजा म्हणाला, "गावात सांगू नको."

"का?"

"नको म्हनलं ना. मोटेवर गडी लावू. पाठीत चमक भरली म्हनून सांगू."

"आन् पूर आला तं?"

"तवाचं तवा बघू."

चंद्रभागा खिडकीबाहेर पाहू लागली. तिनं कुणाला सांगितलं नाही. पुढं पुष्कळ दिवस ती आपल्यालाच विचारी, की आपण नवऱ्याचं ऐकलं ते चूक की बरोबर. पण त्या दिवशी ते तिला बरोबर वाटलं होतं.

चैत्र सरता सरता गंगा खाली गेली, डोहात तेवढं पाणी उरलं. एका पहाटे, माणसं घाटावर यायच्या आधी, पुंजा एकटाच डोहावर गेला. डॉक्टर नाशकाचा, त्याला पाण्यातलं काय कळतंय, असं त्यानं मनाशी धरलं होतं. पाणी संथ होतं. असल्या पाण्यात तो लहानपणी तोंडात ऊस धरून पोहत असे. अर्ध्यावर गेला आणि दम संपला. कमी पडला असं नव्हे. भांडं उपडं केल्यावर संपतं तसा संपला. कानात ढोल वाजू लागला, डोळ्यांपुढं काळं आलं. तो उताणा झाला आणि पाण्यावर पडून राहिला. संथ पाण्यानंच त्याला हळूहळू चांदोरीच्या अंगाला नेऊन टेकवलं. वाळूत तो ऊन चढेपर्यंत पडून होता. परत येताना काळू कोळ्याच्या नावेत बसला.

"आं? तू आन् नावंत?" काळू हसला.

"चांदोरीत काम व्हतं. कापडं भिजवाया नको," पुंजा म्हणाला.

आता हबीब आणि रहेमान यांच्याविषयी सांगायला हवं. हे दोघे भाऊ जातीचे पिंजारी. थंडीत घरोघरी जाऊन कापूस पिंजायचे, गाद्या-गोधड्या भरून द्यायच्या, आणि उरलेलं वर्ष शेळ्यांवर काढायचं. गंगा आणि एक ओढा यांच्यामध्ये जमिनीचा एक उंचवटा होता, त्याला सगळे बेट म्हणत. तिथं चारा चांगला, म्हणून पावसाळ्यात त्यांच्या शेळ्या बेटावर असत. हबीब थोरला, पन्नाशीच्या पुढचा, गुडघे गेलेला. रहेमान पुंजाच्या वयाचा, त्याची बायको अमिना. दोघं एकाच डोहावर पोहायला शिकले. पुंजा शिकला आणि रहेमान कसाबसा तरंगायला लागला, एवढंच. पण तेव्हापासून दोघांची जोडी होती. ईदचा शिरकुर्मा पुंजाकडे आणि दिवाळीचं ताट रहेमानकडे गेलं नाही असं एक साल नव्हतं.

डोहावरची ती सकाळ झाल्यावर चार दिवसांनी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. चंद्रभागेनं सांजोऱ्या केल्या होत्या. रहेमान त्या खायला आला, ओसरीवर ऐसपैस बसला आणि म्हणाला, "पुंजा, एक इचारायचं हाय. यंदा बेटावर पक्कं छप्पर घालावं म्हन्तो. शेळ्या वाढल्या. रोज ने-आण करायची तं भाईच्या गुडघ्याला व्हत नाय. दोघं भाऊ तिथंच मुक्कामाला राहू. कसं?"

पुंजानं सांजोरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला नाही.

"पानी चढतं तिथं," तो म्हणाला.

"चढतं तं चढतं. पाच-सात वर्सातून एकदा. आन् चढलं तं तू हायेस की." रहेमान हसला. "भाई तं म्हन्तो, पुंजा हाय तवर बेट काय आन् ओटा काय."

चंद्रभागा दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. पुंजानं तिच्याकडे पाहिलं नाही.

"घाल छप्पर," तो म्हणाला.

छप्पर झालं. ज्येष्ठात पाऊस बेताचा पडला, आषाढातही. थेंबांनी पुंजाला थोडा गुण आला होता. पायाची सूज उतरली, दिवसाकाठी दोन वेळा घाट चढणं जमू लागलं. यंदाचं साल असंच जाईल, असं तो धरून चालला होता.

पोळा झाला आणि त्र्यंबकच्या डोंगरात पाऊस लागला. नाशकाहून आलेल्या मोटारीच्या ड्रायव्हरनं सांगितलं, रामकुंडावरची लहान देवळं पाण्यात गेलीत, वरून दारणेचंही पाणी येतंय. सकाळी बेटाच्या अलीकडचा ओढा भरून वाहू लागला होता. पण अजून त्यात कमरेइतकंच पाणी होतं. शेळ्यांना दावं लावून, धरून आणता आलं असतं. हबीबचा मुलगा निसार, विशीतला, लग्न झालेला गडी, अलीकडच्या काठावर उभा राहून ओरडला, "अब्बा, या इकडं! पानी वाढतंय!"

पलीकडून हबीबनं हात हलवला. दुपारपर्यंत उतरंल, असं काहीतरी तो म्हणाला.

दुपारी बेट दिसेनासं झालं. छप्पर उचललं गेलं, शेळ्या वाहून गेल्या. बेटाच्या टोकाला एक जुनी बाभूळ होती, तिच्यावर दोघे भाऊ चढून बसलेले घाटावरून दिसत होते. हबीब खालच्या फांदीवर, रहेमान वरच्या. गाव काठावर लोटलं. सावळीराम पाटलांनी माणूस पिटाळला, "पुंजाला आना."

पुंजा सकाळपासून घरात बसला होता. माणूस आला तेव्हा चंद्रभागा दारात आडवी झाली.

"तुमी जायाचं नाय."

"सरक."

"मी सांगती समद्यांना. आत्ता सांगती."

"चंद्रभागा, सरक. नुस्ता जाऊन येतो."

तो काठावर आला तशी गर्दी दोन्हीकडं झाली. कुणीतरी भोपळ्यांची सांगड आणून ठेवली होती. निसार त्याच्या पायाशी वाकला, "काका, लवकर!" बाभळीवरून रहेमाननं त्याला पाहिलं असावं. त्यानं डोक्याचं फडकं सोडून हलवलं. पुंजानं धोतराचा काच्या मारला, सांगड काखेला लावली आणि पाण्यात पाय घातला.

पाणी गढूळ, थंडगार. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत तो नेहमीसारखा गेला. मांडीला ओढ लागली. नेहमी ही ओढ लागली की त्याला आत कुठंतरी हलकं वाटे, जणू ओळखीचं माणूस हाताला धरतंय. आज तसं काही झालं नाही. पाणी कमरेला लागलं आणि काळजानं पहिली उडी मारली. मग ते पळू लागलं, थांबलं, पुन्हा पळू लागलं. कानात तोच ढोल. त्यानं श्वास घेतला तो गळ्यापर्यंतच आला, खाली उतरलाच नाही. समोर बाभूळ होती. तिथपर्यंतची सगळी वाट त्याला दिसत होती, कुठं भोवरा, कुठं धार फुटते, कुठं सोडून द्यायचं आणि कुठं हात मारायचा. वाट दिसत होती आणि त्या वाटेच्या चौथ्या हिश्शापर्यंतही आपण पोचणार नाही, हेही तितकंच स्वच्छ दिसत होतं. डॉक्टरांचं बोलणं त्याला आठवलं नाही. आठवायची गरजच नव्हती.

तो वळला आणि बाहेर आला.

काठावरची माणसं त्याच्याभोवती गोळा झाली.

"काय झालं, पुंजा?" सावळीराम पाटील पुढं आले.

"माझ्याच्यानं व्हायचं नाय, पाटील."

"व्हायचं नाय म्हंजी?"

"नाय व्हायचं."

मागून कुणीतरी म्हणालं, "भ्याला." मग दोघं-तिघं म्हणाले. निसारनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं नाही. सांगड त्याच्या काखेतून ओढून घेतली. काळू कोळी कमरेला दोर बांधू लागला.

"हितून सुटू नका," पुंजा म्हणाला. त्याला बोलायलाही दम पुरत नव्हता. "वर जा. मसनवट्यापासून सुटा. धार आपोआप बाभळीकडं नेती. तिला आडवं जाऊ नका."

काळू आणि निसार वरच्या अंगालाच धावले. तिथं पोचायला, दोर जोडायला, दोर धरायला माणसं लावायला वेळ गेला. तेवढ्यात बाभळीच्या मुळाशी माती सुटली आणि झाड एका अंगाला कलंडलं. हबीबची फांदी पाण्यात गेली. त्यानं बराच वेळ धरून ठेवलं. रहेमान वरून त्याच्याकडे हात करत होता, तो हात पोचत नव्हता. मग हबीबचं डोकं एकदा वर आलं, पांढरी दाढी दिसली आणि मग काही दिसलं नाही.

काळू आणि निसार बाभळीला लागले तेव्हा रहेमान एकटाच होता. त्याला त्यांनी दोराला बांधून खालच्या वळणावर काठाला लावलं. हबीब तिसऱ्या दिवशी नांदूरच्या बंधाऱ्यापाशी सापडला.

गावानं पुंजाला वाळीत वगैरे टाकलं नाही. तो पारावर आला की बोलणं थांबे, एवढंच. थोडा वेळ पावसापाण्याचं काही निघे आणि मग एकेक जण उठून जाई. पूर ओसरल्यावर ओटी भरली तेव्हा नारळ काळूच्या हातात दिला. ते बरोबरच होतं. पोरांनी घाटावर एक खेळ काढला होता. एकानं ऐटीत कमरेपर्यंत पाण्यात जायचं, डोळे वटारायचे आणि धूम बाहेर पळायचं. त्या खेळाला ती पुंजा-पुंजा म्हणत. चंद्रभागा धुणं घेऊन घाटावर गेली तेव्हा तिनं तो पाहिला, आणि धुणं तसंच घेऊन परत आली.

"आता तरी सांगा," ती म्हणाली. "भित्रा म्हन्त्यात तुम्हाला."

"म्हनू दे."

"का म्हनू दे?"

पुंजाला ते नीट सांगता आलं नसतं. भित्रा म्हणवून घेणं एका परीनं सोपं होतं. भित्र्या माणसाला कुणी पुढचं विचारत नाही.

हबीबचा चाळिसावा झाल्यावर एका दुपारी रहेमान आला. पुरानंतर पहिल्यांदाच. वाळला होता, दाढी वाढली होती. ओसरीवर न बसता तो अंगणातच उभा राहिला.

"बस," पुंजा म्हणाला.

"बसतो. आधी बोलू दे." पण बोलायच्या आधीच तो ओसरीच्या कडेला टेकला. "म्या वरून बघत व्हतो. तू पान्यात आलास. भाईला म्या म्हनलं, आला बघ पुंजा. मंग तू मागं फिरलास."

"हां."

"भाईनं बघितलं ते. मला वाटलं न्हवतं बघंल, पर बघितलं." रहेमाननं तळहातांनी तोंड पुसलं. "लय दिस इचार केला. मनाशी म्हनलं, मानूस हाय, भेतो. गंगा तशी व्हतीच. म्या सोताच त्या पान्यात उतरलो नसतो. तवा म्या तेच सांगाया आलो, की मनात ठिवू नको. अमिनाबी म्हनली, जाऊन सांगून या."

हे ऐकून पुंजानं मान खाली घातली. तेवढ्यावर सगळं मिटलं असतं. रहेमान उठून गेला असता, दिवाळीचं ताट गेलं असतं. पण चंद्रभागा आतून ऐकत होती आणि तिला हे सहन झालं नाही. ती बाहेर आली.

"भ्याले नाय ते, रहेमानभाऊ. छाती गेलीया त्यांची. त्या पौषातल्या तापानं. काळीज सैल झालंय, नीज येत नाय, पाय सुजत्यात. नाशकाच्या डाक्तरनं सांगितलंय, पान्यात उतरला तं मरशील."

रहेमान पुंजाकडे पाहत राहिला. त्याच्या भरलेल्या गालांकडे, दंडांकडे. मग त्यानं विचारलं, "कवा सांगितलं डाक्तरनं?"

चंद्रभागेच्या आता ध्यानात आलं. ती दाराशी मागं सरकली.

"कवा?" रहेमाननं पुन्हा विचारलं.

"पाडव्याच्या आधी," पुंजा म्हणाला.

"म्हंजी आखाजीच्या आधी."

"हां."

कोपऱ्यात बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली. रहेमान उठला.

"त्या सकाळी ओढ्याला कमरेइतकं पानी व्हतं," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "निसार बोलावत व्हता. म्या भाईला म्हनलं, चल, शेळ्या घेऊन निघू. भाई म्हनला, घाई काय, पुंजा हाय. म्यापन म्हनलं, हां, पुंजा हाय." तो थांबला. "तू भ्याला असतास तं बरं झालं असतं रे."

पुंजा उठू लागला, पण दम लागून परत बसला.

"गावाला सांग," रहेमान म्हणाला. "माझ्यासाठी नको. म्होरल्या वर्सी दुसरं कुनी तुझ्या भरवशावर बसंल. त्याच्यासाठी सांग."

तो गेला. दोन दिवस पुंजा घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चावडीवर माणसं जमली होती, तिथं तो गेला आणि उभ्यानंच बोलला. ताप, छाती, डॉक्टर, डोह, आखाजी, सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. मध्ये दोनदा श्वासासाठी थांबावं लागलं. सांगून झाल्यावर सावळीराम पाटील म्हणाले, "हे आधी बोलायचं व्हतंस." पुंजा हो म्हणाला. कुणाला ते पटलं, कुणाला नाही. धोंडीराम म्हणून एक होता, त्यालाही पौषात ताप आला होता. तो घरी जाताना म्हणाला, "ताप मलाबी आलता. मला कसं काय झालं नाय?"

पण एक झालं. गुऱ्हाळाची एक मोठी काहील, गूळ शिजवायची, पुरात होडीसारखी वापरायला, आणि दोन जाड दोर पावसाळ्यात घाटाजवळच्या खोपीत आणून ठेवायचे असं ठरलं. काळूनं चार गडी पोहण्यात तयार करायचे ठरलं, त्यांतले दोन टिकले. पाणी कुठवर आलं की कुठला मळा सोडायचा, हे पुंजानं सांगायचं. पुढच्या श्रावणात त्यानं गंगेकाठी मळा असलेल्या गोरक्षला सांगितलं, खालचा मळा आज सोड. गोरक्षनं कुरकुरत बैल, बायको, भांडीकुंडी सगळं वर आणलं, आणि रात्रीत पाणी उतरून गेलं. गोरक्ष त्याला भर पारावर हसला, "पुंजाला आता वल्या वाटीचंबी भ्या वाटतं." पुंजाही थोडा हसला. त्याच्या पुढच्या साली गोरक्षनं सांगायची वाट न पाहताच मळा सोडला.

रहेमाननं घरी राहिलेल्या दोन शेळ्या विकल्या आणि निसारला घेऊन तो पिंपळगाव बसवंतला गेला. तिथं बाजारपेठ मोठी, गादीकामाला गिऱ्हाईक बरं. निसार पुंजाशी कधीच बोलला नाही. अमिना बाजाराला आली तर चंद्रभागेकडे पाणी प्यायला थांबे. दोघी लेकरांचं, तिखटामिठाचं बोलत. नवऱ्यांचा विषय दोघीही काढत नसत.

एका थंडीत अमिनाकडून रहेमानला कळलं, की पुंजाला आता बसूनच झोपावं लागतं. तो पिंजण खांद्यावर टाकून सायखेड्याला आला, पुंजाच्या अंगणात बसला आणि त्यानं दिवसभर कापूस पिंजला. पाठीला आधार होईल असा उंच, घट्ट लोड भरून शिवला. कापूस यंदा आखूड धाग्याचा आहे, असं रहेमान म्हणाला. पिंपळगावला द्राक्षांच्या बागा वाढतायत, असंही म्हणाला. पुंजानं दोन्हीला मान हलवली. जेवायला थांब म्हटल्यावर रहेमान थांबला नाही. मोटार चुकेल म्हणाला.

पुंजा त्यानंतर आणखी एक पावसाळा होता. माघात, ऐन दुपारी, ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलताना तो गेला. चंद्रभागा पाणी आणायला गेली होती. परत आली तेव्हा पाटीतल्या अर्ध्या शेंगा सोलून झाल्या होत्या.